न सांडलेलं पाणी

हौसेला मोल नाही म्हणतात. बंदुकीच्या हौसेला तर बूडही नाही. कागलच्या 'भैरव आर्म्स' कारखान्यात दर श्रावणात याचा पुरावा यायचा. पुढच्या वर्षी कसली बंदूक काढू, तुम्हीच सांगा, असं कंपनीनं एकदा सहज विचारलं आणि तेव्हापासून मागण्यांची रीघ लागली ती लागलीच. रानडुकरं वाढली, पीकराखणीचे परवाने सैल झाले, खेडोपाडी नेमबाजीची मंडळं निघाली, त्यालाही आता बरीच वर्षं लोटली होती. हौशी माणसांना तोटा नव्हता.

मागण्या वाचायचं काम यशोधरा देसाईचं. ती तिथली मुख्य अभियंता. पण वाचून दाखवायचे मुल्लासाहेब. नळ्यांच्या विभागाचा हा मिरजेचा माणूस चहाच्या पेल्यासोबत एकेक मागणी अशी वाचायचा की कीर्तनकारानं मान खाली घालावी.

"ऐका मॅडम. परभणीचे पाटील. दस्ता शिसवी पाहिजे, पण वजन पांगाऱ्याचं."

"पुढं."

"सांगलीच्या दोघी बहिणी. दोघी डावखुऱ्या. म्हणतात, घरातली बंदूक कायम उजव्यांचीच का? बरोबर आहे हो. लिहून ठेवा. आणि हे सोलापूरचे, यांना जुन्या काळ्या दारूचा वास पाहिजे. नव्या काडतुसाला वास नाही, बार झाला असं वाटतच नाही म्हणे. यांना एक उदबत्ती द्या पाठवून."

मग एक मागणी आली, तिला नावगाव नव्हतं.

"हात थरथरतो. नेम डोळ्यात अजून आहे, हात तेवढा ऐकत नाही. आणखी दोन दसरे निघतील असं काही करता येईल का?"

मुल्लासाहेब विनोद करायला गेले आणि थांबले. यशोधरा खिडकीबाहेर बघत होती. बंदूक दसऱ्यांवर मोजणारं घर तिला एकच माहीत होतं. ती त्याच घरात जन्मली होती.

आजऱ्याच्या पुढं, घाटाच्या कुशीत आंबेखोल नावाचं गाव आहे. काजूच्या बागा, भाताची खाचरं आणि मागं रान. गावाची राखणीची बंदूक पिढ्यान्‌पिढ्या देसायांकडे. डुकरं हाकलायची ती त्यांनी, आणि दसऱ्याला गाव शीव ओलांडतं तेव्हा शिवेवरचा बार काढायचा तोही त्यांनीच. हा मान बापाकडून लेकाकडे जायचा, पण बाप मेल्यावर नाही. त्याची एक रीत होती.

खंडेनवमीला बंदूक पुजायची. मग भावकी सोप्यावर बसायची आणि घरधन्यानं बंदूक खांद्याला लावून आडवी धरायची. जोडनळीच्या मधल्या पट्टीवर सून पाण्यानं काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवायची. घरच्या लेकीनं ओवी म्हणायची. ओवी संपेपर्यंत पाणी सांडलं नाही, तर वर्षभर बंदूक त्याची. सांडलं, तर तिथल्या तिथं ती लेकाच्या खांद्यावर. त्यात कमीपणा नव्हता. म्हाताऱ्याला फेटा बांधायचे, पंगतीत पहिलं पान त्याचं मांडायचे. 'हात उतरला' एवढंच म्हणायचे, जसं ऊन उतरलं म्हणतात तसं.

नळीच्या गं टोकावरी, पाणी माझ्या बापाजीचं
सांडंल त्या थेंबावरी, नाव माझ्या बंधुजीचं
डोंगराच्या उतारानं, झरा खाली उतरतो
डोंगर का उणा होतो, झरा रान फुलवितो

ही ओवी परकरात असल्यापासून यशोधराच म्हणत आली. आणि तिच्या ओवीतला बंधू, संग्राम, त्या थेंबाची वाट बघत आला. त्याचा नेम जिल्ह्यात पहिला. पुण्याच्या मोठ्या क्लबानं शिकवायला बोलावलं होतं, लष्करी शाळेनं बोलावलं होतं. पण बंदुकीचा वारस गाव सोडत नाही, हीही एक रीत. संग्राम काजू सोलत, भात लावत थांबला. थांबता थांबता कानशिलं पांढरी झाली.

यशोधराला त्या दिवशी हे सगळं आठवलं नाही असं नाही. आठवलं. पण बापानं जन्मात कुणाकडं काही मागितलं नव्हतं, आणि मागितलं तेही असं, नाव न लिहिता, लेकीच्याच दारात. लेकीचं काळीज, तिनं दुसरा विचार केला नाही.

बंदूक करायला दोन पावसाळे गेले. मधलं नवमीचं पाणी आबांनी, तिच्या बापानं, दात आवळून कसंबसं राखलं. हात थरथरतो तेव्हा नेमकं काय होतं, हे आधी समजून घ्यावं लागलं. नेम धरणाऱ्या हाताची खरी हालचाल संथ असते, बैलगाडीसारखी. म्हातारपणाची नाहीतर आजाराची थरथर जलद असते, आणि मुख्य म्हणजे ती ठेक्यात असते. ढोलकीचा ठेका एकदा कानात बसला की पुढची थाप कधी पडणार हे आंधळासुद्धा सांगेल. तसंच हे. बंदुकीच्या मुठीत त्यांनी हालचाल मोजणारे तांदळाएवढे दाणे बसवले. ते हाताचा ठेका शिकायचे. दस्त्याच्या पोटात दोन छोटे भोवरे अतिवेगानं फिरत राहायचे. फिरता भोवरा सहजासहजी कलत नाही, हे पोरासोरांनाही ठाऊक असतं. थरथरीची थाप डावीकडं पडणार असं कळलं, की भोवरा तेवढाच जोर उजवीकडं लावायचा. संथ हालचालीला वाट, ठेक्याला अडसर. हात खाली वेताच्या काठीसारखा हलत असला तरी वर नळी दगडासारखी.

नाव ठेवलं 'अचल'.

चालू-बंद करायला बटण ठेवावं की नाही यावर मात्र वाद झाला. चाचणीला बोलावलेल्या हौशी मंडळींनी एका आवाजात नको म्हणून सांगितलं. नांदेडचे एक गुरुजी म्हणाले, "बटण ठेवलंत तर ते दाबताना पोरं बघणार. चष्मा घालताना बटण दाबतो का आम्ही?"

मुल्लासाहेब पुटपुटले, "मॅडम, पंख्यालासुद्धा बटण असतं. थंडी वाजली तर माणसानं काय करायचं?"

"म्हातारपणाची पाटी लावायची का हातावर?" यशोधरा म्हणाली. "मूठ धरली की सुरू, सोडली की बंद. बटण नको."

मुल्लासाहेबांनी खांदे उडवले आणि बटणाची जागा कागदावर खोडली.

पहिली 'अचल' आंबेखोलला गेली, घरच्या जुन्या बंदुकीच्या जागी. त्या खंडेनवमीला आबांनी ती उचलली, संग्रामच्या बायकोनं, शीतलवहिनीनं, फुलपात्र ठेवलं, यशोधरानं ओवी म्हटली. पाण्यावर सुरकुतीसुद्धा पडली नाही. भावकीतल्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. आबा तरण्यासारखे हसले.

जेवताना संग्राम म्हणाला, "यशू, तुझ्या कारखान्यात थांबणाऱ्यासाठी काय बनवत्यात काय? पाठ न दुखणारी खुर्ची, असलं?"

सगळे हसले. संग्रामही हसला. शीतलवहिनी तेवढी ताटात बघत राहिली.

दुसऱ्या वर्षीही पाणी सांडलं नाही. 'अचल' तोवर राज्यभर गेली होती. ज्यांनी बंदुका खुंटीला टांगल्या होत्या ते बाप, आजे, मामे पुन्हा बांधावर उभे राहिले. कंपनीला पुरस्कार मिळाला. पण त्या श्रावणात मागण्यांचा सूर बदलला. मुल्लासाहेब वाचू लागले, "अमरावतीहून. अशी जड बंदूक काढा की म्हाताऱ्यांना उचलताच येणार नाही." ते खो खो हसले. पुढची वाचली. "बीडहून. वडील सत्तर पार झाले की आपोआप गंजणारी नळी." पुढच्या मागणीला ते हसले नाहीत. "आमचे आजोबा बांधावर बसतात, वडील घरात बसतात. मी कुठं बसू?" त्यांनी कागद पालथा घातला. "चहा थंड झाला," म्हणाले.

यशोधरानं घरी फोन केला तेव्हा आबा मजेत होते. संग्राम शेतात होता.

तिसऱ्या खंडेनवमीला कंपनीची माणसं कॅमेरे घेऊन आंबेखोलला आली. या रीतीची जाहिरात करायची त्यांनी ठरवलं होतं आणि यशोधरानंच होकार दिला होता. सोप्यावर दिवे लागले. वहिनीच्या कपाळावर कुणीतरी पावडर लावायला आलं, तिनं हात झटकला.

आबांनी बंदूक धरली. फुलपात्र ठेवलं. यशोधरानं ओवी धरली. पहिली जोडओळ झाली आणि तिला दिसलं, आबांचा खांदा हलतोय. खांदा, कोपर, मनगट, सगळं. नेहमीपेक्षा जास्तच. कपाळावर घाम आला होता. वर पाणी मात्र आरशासारखं. आबांनी तिच्याकडं बघितलं, डोळ्यांत डोळे घालून, काहीतरी मागितल्यासारखं. थकले, असं तिला वाटलं. कॅमेऱ्याचा माणूसही हातानं 'आवरा' म्हणत होता. तिनं शेवटची ओळ झरझर म्हणून ओवी आवरली.

भावकीनं टाळ्या वाजवल्या. एरवी कधी वाजवत नसत. कॅमेऱ्यामुळं वाजवल्या.

संग्राम उठला. बापाच्या पाया पडला आणि म्हणाला, "आबा, तुमचा हात काय उतरत न्हाई. उतरूबी नये. माझं वय मात्र उतराय लागलंय. बेळगावच्या रेंजवर शिकवायची जागा हाय. मी जातो."

आबांचे ओठ हलले. देसायांच्या घरात बापलेक बंदुकीबद्दल बोलत नसत. त्यासाठीच तर पाणी ठेवलेलं होतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संग्राम आणि वहिनी सामान घेऊन गेले. ते गेले ते सणालाही आले नाहीत. एक दसरा असाच सुना गेला. आबा शिवेवर एकटे बार काढून आले.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात यशोधरा रजा काढून घरी आली. आबांची थरथर आता हातातून अंगात उतरली होती. बोटं आखडायची, पाऊल उचलताना जमिनीला चिकटायचं. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि हेही सांगितलं, की आधी यायला हवं होतं. हात थरथरतोय हे घरात कुणाला टोचलंच नाही का? कसं टोचणार? वर्षातून ज्या एका दिवशी सगळं घर तो हात बघायचं, त्या दिवशी सगळ्यांचे डोळे पाण्यावर असायचे, आणि पाणी हलतच नव्हतं.

दुपारी आबा मागच्या पडवीत काजूबिया निवडत बसले होते. बिया बोटांतून निसटत होत्या. यशोधरा शेजारी बसून त्या सुपात परत टाकत होती.

"दादाला बोलवू का, आबा?"

"कशाला? त्याला वाटतंय, बाप सोडंना." त्यांनी एक बी उचलली. ती पडली. "मी सांडत होतो गं, त्या वर्षी. सांडंना."

यशोधराचा हात सुपात थांबला.

"माझ्या बाचा हात शेवटपर्यंत खडकागत होता," आबा सांगू लागले. "मी जाणता झालो तसं एका नवमीला त्येनं थरथर केली आनि पाणी सांडलं. सोंग होतं सगळं. म्या वळखलं, भावकीनं वळखलं, कुणी बोललं न्हाई. तुझ्या आत्यानं वळखलं. बाला सांडाय वेळ लागाय लागला तशी तिनं शेवटची ओळ पुन्हा म्हटली, पुन्हा म्हटली. सांडंस्तोवर म्हणत ऱ्हायली. असंच आसतंय ते. हात उतरायच्या आधी उतरवायचा आसतो."

"मग तुम्ही नळी जरा वाकडी केली असती..."

"वाकडी करून वतलं तर दिसतंय. ते दान झालं. दान काय भिकाऱ्यालाबी देत्यात. थरथरत सांडलं की मान होतोय." त्यांनी आपल्या हलत्या पंजाकडं बघितलं. "मी जीव खाऊन थरथरलो. तुझी बंदूक लई इमानी. मला म्हातारा समजून सावरतच ऱ्हायली. मग तुझ्याकडं बघितलं. म्हटलं, पोरगी एक ओळ वाढवंल."

खरी थरथर आणि मायेची थरथर यांचा ठेका एकच असतो. यंत्राला दोन्हींतला फरक शिकवावा, हे कुठल्याच मागणीत आलेलं नव्हतं, आणि ज्या लेकीला तो कळायला हवा होता तिनं कॅमेरावाल्याच्या हाताकडं बघून ओवी आवरली होती.

तिनं बेळगावला फोन लावला. रेंजवरचे बार ऐकू येत होते. तिनं सगळं सांगितलं.

"मग बोलले का न्हाईत?" संग्राम म्हणाला.

"आपल्या घरात कोण बोललंय, दादा?"

बार होत राहिले. "नवमीला येतो," तो म्हणाला.

भादव्यात यशोधरानं स्वतःच्या हातानं 'अचल'चा दस्ता उघडला आणि भोवऱ्यांची तार काढली. सावरणारं कुणी नको. एवढंच तिच्या मनात होतं.

खंडेनवमी आली. भावकी सोप्यावर बसली, बाया दारात उभ्या राहिल्या. कॅमेरे नव्हते. संग्राम पांढरा सदरा घालून भिंतीशी उभा होता. यशोधरानं आबांना उठवलं, बंदूक हातात दिली.

नळी घोंगावणाऱ्या माशीसारखी फिरू लागली. वर, खाली, भुईकडं, आढ्याकडं. शीतलवहिनी भरलं फुलपात्र घेऊन पुढं आली. एकदा टेकवायला गेली. पुन्हा एकदा गेली. तिसऱ्यांदा तिनं यशोधराकडं बघितलं. पाणी ठेवायलाच जागा नव्हती. जे ठेवताच येत नाही ते सांडणार कसं?

"तार जोड गं परत," आबा दातओठ खात म्हणाले.

"जोडली तर सांडणार नाही, आबा."

म्हातारा तसाच उभा राहिला. तार जोडली तर सांडत नव्हतं, तार काढली तर ठरत नव्हतं. हात खडक असतो आणि हात पाचोळा होतो, या दोहोंच्या मध्ये माणसाला थोडी वर्षं मिळतात. द्यायचं ते त्या वर्षांत द्यायचं असतं. आबांची नेमकी तेवढीच वर्षं त्या दोन भोवऱ्यांनी सांभाळून सांभाळून फिरवून टाकली होती. भोवरे यशोधरानं घडवले होते, जपून, मायेनं. ओवी तिच्या घशात होती. सुरू कुठून करायची, ते कळत नव्हतं.

मग संग्राम भिंतीपासून निघाला. बापासमोर उभा राहिला आणि हळू आवाजात म्हणाला, "द्या आबा. दान तर दान. मला चालतंय."

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी मान हलवली, हो म्हणून. मूठ उघडायला गेले. मूठ उघडेना. आजारानं बोटं दस्त्यावर आवळून बसली होती.

संग्रामनं बापाचं मनगट धरलं आणि एकेक बोट सोडवायला सुरुवात केली. जपून सोडवत होता, पण बोट सुटलं की पुन्हा मिटायचं, म्हणून जोर लावावा लागत होता. आबा कण्हले. दारातल्या बायांनी पदर तोंडाला लावला. भावकीतला एक म्हातारा उठून बाहेर गेला. त्या दारातून, त्या सोप्यावरून जे दिसत होतं ते एवढंच: उभ्या बापाच्या हातातून लेक बंदूक ओढून काढतोय.

बंदूक सुटली. कुणी फेटा आणायला उठलं नाही. यशोधरानं दोनतीनदा सगळ्यांना समजावून सांगितलं, आजार असा असतो, बोटं अशी आवळतात. लोकांनी शहाण्यासारखं ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संग्रामनं शिवेवर बार काढला. घाटानं त्याचा आवाज दोनदा परत दिला. इतकी वर्षं ज्या बारासाठी तो थांबला होता, तो झाल्यावर त्यानं बंदूक खाली केली आणि मागं वळला तर वाट मोकळी होती. माणसं जरा बाजूबाजूनं चालत होती. कुणीतरी कुणाला तरी म्हणालं, "काढून घेतली म्हणं." ते संग्रामला ऐकू गेलं. त्यानं काडतुसाचं रिकामं टरफल खिशात टाकलं आणि चालू लागला.

दिवेलागणीला लोक सोनं वाटायला देसायांच्या घरी आले. आबा सोप्यावर आरामखुर्चीत होते. येईल त्याच्या हातातली आपट्याची पानं ते आपल्या हलत्या पंजात घ्यायचे आणि त्या माणसाला जवळ ओढून सांगायचे. जन्मभर जे शब्दांनी सांगायचं नव्हतं, ते आता शब्दांनी सांगत होते.

"मी दिली. त्येनं घेतली न्हाई. मी दिली."

"व्हय, आबा," माणसं म्हणायची, पाया पडायची आणि संग्रामकडं न बघता पुढच्या घरी जायची.